कर्ता कोण?

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपमध्ये धडा उघडतो, हे आपल्याला माहीत असतं. २०१७ साली आलेलं हे ॲप सनबर्ड नावाच्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभं आहे. मूल काय उघडतं, कुठे बोट लावतं, याच्या नोंदी ती ठेवते. या नोंदींचा आराखडा कुणालाही वाचता येतो. पोटापाण्यासाठी मीही असलाच कोड लिहितो, म्हणून तो नीट वाचला.

प्रत्येक नोंद म्हणजे एक वाक्य. त्यात कर्ता, वस्तू, वेळ आणि एक घटना: स्टार्ट, इंटरॅक्ट, असेस, एंड. रचना नेटकी आहे. रेंज नसेल तर नोंदी फोनमध्येच साठतात आणि रेंज आली की वर जातात. धडगावच्या डोंगरात ही सोय मोलाची आहे.

वाक्य अडखळतं ते कर्त्यापाशी. सातपुड्यातल्या पाड्यावर घरात एक फोन असतो, आणि ऊसतोडीच्या हंगामात तोही बापासोबत गुजरातला जातो. तो घरी असेल तेव्हा मोठी बहीण व्हिडिओ थांबवून दोन भावंडांना तेच पावरीत समजावते. वेगळी प्रोफाइल बनवली नसतील, तर नोंदीत एकच कर्ता दिसतो, आणि तोही मध्येच थांबलेला. खरं शिकणं त्या थांबण्यातच झालं. डॅशबोर्डवर मात्र ते ‘लक्ष उडालं’ असं दिसू शकतं.

ज्या मुलानं ॲप कधी उघडलंच नाही, त्याच्याबद्दल तर वाक्यच नाही. सरासरी निघते ती दिसलेल्यांची. मग ‘धडा मुलांना आवडला’ हा निष्कर्ष कुठल्या मुलांचा?

यातला विरोधाभास बोचरा आहे. हे ॲप मुलांचं नेमकं ठिकाण टिपू शकतं, असं ह्यूमन राइट्स वॉचच्या २०२२च्या अहवालात नोंदवलं होतं. म्हणजे फोन कुठे आहे ते कळू शकतं, पण तो कुणाच्या हातात आहे ते कळत नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानं मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यावर बंदी घातली, पण सूट देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला.

डेटा गोळाच करू नका, असं माझं म्हणणं नाही. मागणी साधी आहे: प्रत्येक आलेखाशेजारी शाळेची पटसंख्या छापा, आणि एका फोनवर किती मुलं शिकतात हे गुरुजींना विचारून लिहा. मग नंदुरबारचा आकडा कमी का दिसतो, याचा दोष आपण मुलांवर ढकलणार नाही.