कोबी, मिरी आणि चमचाभर साखर

हंगेरी म्हटलं की लाल पाप्रिका आणि गुलाश आठवतं. पण तिथल्या घरातलं साधं जेवण समजून घ्यायचं तर ‘कापोस्ताश तेस्ता’ चाखावा. कोबी, अंड्यात भिजवलेल्या मैद्याच्या चौकोनी नूडल्स, चरबी किंवा तेल, मीठ, साखर आणि काळी मिरी. काही घरांत कांदा. पाप्रिका सहसा नाहीच. जिनसा इतक्या थोड्या, म्हणून प्रत्येकीचं काम नीट बघावंसं वाटतं.

कोबी किसून, मीठ चोळून अर्धा तास ठेवतात आणि मग मुठीत घट्ट पिळतात. मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं. ही पायरी गाळली तर कोबी परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो, आणि तो उग्र वास घरभर राहतो.

या पदार्थाचा प्राण मात्र मला साखरेत दिसतो. तापलेल्या चरबीत चमचाभर साखर टाकायची आणि ती तांबूस होईपर्यंत नजर हलवायची नाही. जरा जास्त झाली की कडवटपणा आलाच. रंग आला की पिळलेला कोबी घालायचा. चर्र आवाज होतो, साखरेच्या गुठळ्या होतात आणि कोबीत उरलेल्या ओलाव्यात त्या हळूहळू विरघळतात. पुढे पाऊण तास मंद आच, आणि अधूनमधून उलथन्याने तळ खरवडणं. काठोकाठ भरलेली कढई खाली बसत जाते. हिरवट पांढरा कोबी आधी पिवळसर, मग मधाच्या रंगाचा, शेवटी तपकिरी होतो. आता येणारी गोडी त्या चमचाभर साखरेची नसते, ती कोबीच्याच पोटातली असते. साखरेने फक्त वाट दाखवलेली असते.

मग मिरी, भरड कुटलेली आणि सढळ हाताने. मलबारची ही वेल किती लांबच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली आहे! ती नसती तर हा पदार्थ नुसता गुळमट झाला असता. नूडल्सचं काम त्यामानाने सोपं. आपण चकोल्या कापतो त्याच बेताने कापायच्या, उकडून निथळायच्या आणि कोबीत घोळवायच्या.

पानात वाढल्यावर घराघरांत दोन पक्ष पडतात. एक वरून पिठीसाखर भुरभुरवतो, दुसरा आणखी मिरी मागतो. तिथे आधी दाट सूप आणि मग नूडल्स असा बेत नेहमीचा, आणि त्या नूडल्स खसखस-साखर किंवा अक्रोड-साखर घालून खाण्याचीही जुनी रीत. त्यामुळे गोड कोबीचं कुणाला नवल वाटत नाही. मी मिरीच्या बाजूची. पण एकाच कढईतून दोन्ही पक्षांची पानं भरतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

१८६७ ते १९१८ या काळात ऑस्ट्रिया आणि हंगेरी एकाच राजाखाली होते. व्हिएन्नात हाच पदार्थ ‘क्राउटफ्लेकर्ल’ म्हणून घरचा आहे. फ्रीडरिश टोरबर्ग यांनी १९७५मध्ये ‘टांटे योलेश’ या पुस्तकात मध्य युरोपातल्या उद्ध्वस्त झालेल्या ज्यू जगाच्या आठवणी सांगितल्या. त्यातल्या योलेश मावशीचे क्राउटफ्लेकर्ल नावाजलेले. अंथरुणाला खिळलेल्या मावशीला अखेरच्या घटकेला त्यांचं गुपित विचारतात, तेव्हा ती सांगते की आपण ते कधी पुरेसे केलेच नाहीत. हा किस्सा माणसाच्या हावेवरचा म्हणून वाचला जातो. मला त्यात स्वयंपाकाचं साधं सत्यही दिसतं. कोबी एवढा आटतो की अख्ख्या गड्ड्याचं शेवटी वाडगाभर उरतं. पुरेसं करणं खरोखरच अवघड आहे.

म्हणून घरच्यांसाठी करायला घ्याल तेव्हा, चार माणसांना एक किलो कोबी पुरेल असं वाटलं तरी दीड किलो घ्या.