मागाचा माग : ओसाड गिरणी, तिचे वाचन आणि मराठी साहित्य

मराठीत 'माग' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कापड विणण्याचे यंत्र हा एक अर्थ. गेलेल्याचा शोध ज्या खुणेच्या आधारे घेता येतो ती खूण, हा दुसरा. मुंबईतील बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या आवारांचा विचार करताना हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आढळतात. यंत्र म्हणून माग तेथून केव्हाच भंगारात गेला आहे. खूण म्हणून तो कितपत उरला आहे, आणि उरला असल्यास ती खूण वाचण्याची साधने मराठी साहित्याने व समीक्षेने घडवली आहेत काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली, आणि त्यानंतरच्या शतकभरात लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा हा परिसर 'गिरणगाव' या एका नावाने ओळखला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत गिरण्या एकामागून एक बंद झाल्या आणि मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर जमीन उत्पादनाच्या व्यवहारातून बाहेर पडून जमिनीच्या व्यवहारात आली. ओसाड गिरणी ही या दोन व्यवहारांमधील मधली अवस्था होय. तिचे आयुष्य अल्प असते. म्हणूनच तिचे वाचन तातडीचे ठरते.

१

भग्नावशेषांकडे पाहण्याची एक प्रस्थापित रीत आहे. वाल्टर बेंजामिनने जर्मन बरोक नाटकावरील १९२८ च्या ग्रंथात भग्नावशेषाला रूपककथेच्या जोडीला बसवले. इतिहास तेथे क्षय पावणाऱ्या निसर्गाच्या रूपाने दृश्यात उतरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. गिरणीच्या पडक्या भिंतीतून उगवलेला पिंपळ पाहून हे प्रतिपादन आठवणे स्वाभाविक आहे. परंतु राजवाडा किंवा किल्ला पडला की त्याचे प्रयोजन संपल्याची ग्वाही तो देतो. गिरणीचे आवार मात्र पडते तेव्हाच त्याच्या किमतीला खरी सुरुवात होते. तेथे निसर्गाला इतिहासावर मात करण्याइतका अवधी मिळत नाही. पिंपळ वाढण्यापूर्वीच मोजणीदार येतो. त्यामुळे भग्नावशेषांचे जे सौंदर्यशास्त्र काळाच्या संथ गतीवर उभे आहे, ते या जागेला जसेच्या तसे लागू पडत नाही.

या सौंदर्यदृष्टीचा सर्वांत रूढ विषय म्हणजे चिमणी. वर्तमानपत्रांतील छायाचित्रे, स्मरणलेख, चित्रपट या सर्वांनी गिरणगावाचे प्रतीक म्हणून तिचीच निवड केली. येथे एक तपशील लक्षात घ्यावा लागतो. चिमणी ही बाष्पशक्तीच्या युगाची खूण आहे. १९१५ मध्ये खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या क्रमाक्रमाने विजेवर आल्या. त्यानंतर सुताला खळ लावणे, कापड रंगवणे अशा कामांसाठी वाफ लागत राहिली व बॉयलर टिकले. पण यंत्रे चालवणारी शक्ती म्हणून चिमणीच्या बुडाशी असलेल्या भट्टीचे स्थान ओसरत गेले. कामगारांच्या ज्या पिढीने १९८२ चा संप केला, तिच्या कामाचे केंद्र चिमणी नव्हती. तरीही प्रतीक म्हणून तीच उरली, कारण ती बाहेरून दिसते. रस्त्यावरून, पुलावरून, लोकलच्या खिडकीतून गिरणी पाहणाऱ्याचे ते प्रतीक आहे. आतल्या माणसाची खूण कोणती, हा प्रश्न या प्रतीकाने झाकला जातो.

२

आतल्या खुणा वाचण्यासाठी कामाची माहिती लागते. गिरणीचे करवतीच्या दातांसारखे छप्पर अनेकांना केवळ चमत्कृतीपूर्ण वाटते. त्या दातांच्या उभ्या, काचा बसवलेल्या बाजू उत्तरेकडे असतात, कारण सुताचा तुटलेला धागा ओळखायला थेट ऊन नको, सारखा पसरलेला प्रकाश हवा असतो. आवारातील तलाव शोभेसाठी खोदलेला नसतो. यंत्रांना आणि बॉयलरला लागणाऱ्या पाण्याचा तो साठा असतो. जमिनीत रुतून राहिलेल्या बोल्टांच्या ओळी यंत्रांची रांग सांगतात, आणि दोन ओळींमधील बोळाच्या रुंदीवरून तेथे उभे राहणाऱ्या देहाला किती जागा होती हे कळते. कापूस पिंजणे, कार्डिंग, साचाखाते, वाइंडिंग, ताणा भरणे, खळ, मागखाते असा कापसाचा कापडापर्यंतचा प्रवास इमारतींच्या मांडणीतच कोरलेला असतो. ही मांडणी म्हणजे एक प्रकारचे वाक्य आहे. मात्र त्यातील क्रियापदे काढून घेतलेली आहेत.

या वाक्यात केवळ तंत्र नव्हे, समाजरचनाही लिहिलेली होती. जुन्या पद्धतीच्या मागावर धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी भरून धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार, या कारणावरून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना मागखात्यात येऊ दिले नाही. मागखात्यातील मजुरी साचाखात्याहून अधिक होती. म्हणजे विटाळाची कल्पना थेट वेतनात उतरलेली होती. १९२८ च्या प्रदीर्घ संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मज्जाव दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत समाविष्ट करण्याचा आग्रह धरला, तो यामुळेच. वाइंडिंग आणि रीळिंग या खात्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्यांचे प्रमाण घटत गेले आणि संपापर्यंत गिरणी कामगार म्हणजे पुरुष हे समीकरण रूढ झाले. ओसाड आवारात मागखाते आणि साचाखाते यांच्यामधील भिंत ही दोन शेडमधील भिंत म्हणून दिसते. ती कोणाला ओलांडता येत नव्हती हे भिंत स्वतः सांगत नाही. गिरणगावाच्या स्मरणरंजनात एकजुटीचे जे अखंड चित्र रंगवले जाते, त्याला या भिंतीच्या वाचनाने तडा जातो. एकजूट खोटी होती असा याचा अर्थ नाही. ती दिलेली नव्हती, भांडून मिळवावी लागत होती, एवढा अर्थ निश्चित आहे.

३

मराठी साहित्याने या आतल्या जागेचे काय केले? मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीने गिरणी कामगारांचे जीवन मराठी कादंबरीच्या कक्षेत आणले. तिच्या शीर्षकातच यंत्राचा भाग आहे; पण तो प्रतीक म्हणून येतो, आणि कथनाचा कल मालक-मजूर संघर्षाकडे आहे. अण्णा भाऊ साठे स्वतः गिरणीत राबले होते. त्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीतील कामगार मुंबईत उभा राहून गावाकडे पाहतो. नारायण सुर्वे यांना वाढवणारे गंगाराम आणि काशीबाई हे दोघेही गिरणी कामगार. काशीबाई कमला मिलमध्ये होत्या. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतून मराठी कवितेत कामगार प्रथमच स्वतःच्या अधिकाराने जगाशी बोलू लागला. तरीही त्या कवितेचा अवकाश प्रामुख्याने रस्ता, चाळ, सभा आणि घर यांचा आहे. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाच्या खोलीत घडते. गिरणी रंगमंचाबाहेर आहे.

या सर्व लेखनात गिरणीचे फाटक हीच सीमा ठरते. कामगार आत जातो आणि बाहेर येतो. आतले आठ तास संहितेबाहेर राहतात. यामागे लेखकांचे अज्ञान होते असे म्हणता येणार नाही, कारण अण्णा भाऊ आणि सुर्वे या दोघांनाही आतला अनुभव होता. पिएर माशरे याने १९६६ मध्ये मांडल्याप्रमाणे संहिता जे बोलत नाही तेच तिच्या घडणीचे रहस्य सांगते. येथील मौनाची किमान दोन कारणे संभवतात. पहिले भाषिक आहे. त्रासन, साचा, कांडी, जॉबर, बदली ही खात्यांतील बोली इंग्रजी, गुजराती, कोकणी आणि घाटी शब्दांच्या मिश्रणातून घडली. प्रमाण मराठी साहित्यभाषेने तिला पारिभाषिक म्हणून बाजूला ठेवले. दुसरे कारण विचारव्यूहाचे आहे. श्रम हे शोषणाचे स्थळ मानले गेल्यामुळे माणूसपण श्रमाच्या बाहेर, म्हणजे चाळीत, कलापथकात, मोर्चात शोधले गेले. कामातील कौशल्य आणि कामाच्या जागेतील उतरंड, दोन्ही त्यामुळे वर्णनाबाहेर राहिली.

'अधांतर'चे वेगळेपण येथे नोंदवले पाहिजे. त्यात गिरणीची अनुपस्थिती ही उणीव राहत नाही. ती नाटकाचे रचनातत्त्व बनते. भोंगा थांबल्यावर घरातील दिवसाची घडी कशी विस्कटते, कामाने बांधलेले नातेसंबंध काम गेल्यावर कसे उसवतात, हे त्या बंद खोलीत दिसते. गिरणी आत न दाखवताही तिचा माग काढता येतो, हे या नाटकाने सिद्ध केले. मात्र तो माग परिणामांचा आहे. कामाचा माग त्यातही मिळत नाही.

४

या मौनाला साहित्यबाह्य संदर्भ आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात विभागणी अपेक्षिली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी आवारातील केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. जेथे शेड उभी होती ती जागा, शेड पाडल्यानंतरही, वाटपातून वगळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये रद्द ठरवला. सार्वजनिक वापरासाठी मिळू शकणारे क्षेत्र त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले. म्हणजे 'मोकळे' काय आणि 'भरलेले' काय, या शब्दार्थावर शेकडो एकरांचे भवितव्य ठरले. शेडमध्ये काय भरलेले होते याची नोंद भाषेत नसेल, तर तिच्या मोकळेपणाची व्याख्या इतरांच्या हाती जाते. साहित्याने लिहिले असते तर कायदा बदलला असता, असा भाबडा दावा येथे अभिप्रेत नाही. परंतु एखाद्या जागेला रिकामी म्हणता येणे ही आधी भाषिक आणि मग आर्थिक घटना असते, हे समीक्षेने दुर्लक्षू नये.

जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहाचे शीर्षक या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. पुराणकथेतील पक्षी स्वतःच्याच राखेतून पुन्हा तोच होऊन उठतो. फिनिक्स मिलच्या जागेवर मात्र मॉल उठला. राखेतून दुसराच, पिसारा मिरवणारा पक्षी बाहेर येतो, हे त्या शीर्षकाचे मर्म. पुनरुज्जीवन या शब्दामागील वियोग त्याने नेमका पकडला आहे. ज्या कमला मिलमध्ये काशीबाई कामाला जात, तिच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. वृत्तांतांत 'मिल' हा शब्द पत्त्याचा भाग म्हणून आला. नाव टिकले आणि अर्थ गेला, याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

५

मग मागाचा माग कोठे शोधावा? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील स्त्री-पुरुषांच्या कथनांतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अशी कथने समाजशास्त्राचा कच्चा माल म्हणून वापरली जातात; वाङ्मयीन संहिता म्हणून त्यांचे वाचन क्वचितच होते. वास्तविक साचाखात्याचे वर्णन करताना कामगार जी क्रियापदे वापरतो, ज्या क्रमाने खाती सांगतो, ज्या ठिकाणी गप्प होतो, त्या सर्वांत ओसाड वाक्याला लागणारी क्रियापदे सापडण्याची शक्यता आहे. स्त्रियांनी सांगितलेली गिरणी आणि मागखात्याबाहेर ठेवल्या गेलेल्यांनी सांगितलेली गिरणी या एकाच इमारतीच्या दोन भिन्न संहिता ठरतात.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याची योजना महापालिकेने हाती घेतली, हे स्वागतार्ह आहे. पण काचेच्या पेटीत ठेवलेला धोटा स्वतःहून काही सांगत नाही. त्याच्या छिद्राला कोणाचे ओठ लागू शकत होते आणि कोणाचे नाही, हे त्याच्याशेजारी लिहिले गेले तरच तो वाचता येईल. ते लिहिण्याची भाषा पुरवणे हे साहित्याचे काम होते आणि ते अपुरे राहिले. ही उणीव ओळखणे, तिची कारणे मांडणे आणि खात्यांची ती बोली साहित्यभाषेच्या हद्दीत आणणे ही जबाबदारी आता समीक्षेवर येते. चिमण्यांविषयीची हळहळ या कामाला पर्याय ठरू शकत नाही.