‘इंटेग्रिन’ : संज्ञा आणि व्यापार

शास्त्रीय संज्ञा वस्तूला केवळ नाव देत नाही. तिच्याविषयी कोणता प्रश्न विचारावयाचा, हेही ती पुष्कळदा ठरवून देते. पेशी ज्या प्रथिनांच्या योगे परिसराला चिकटून राहते, त्यांच्या नामकरणाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

रिचर्ड हाइन्स व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये ‘इंटेग्रिन’ ही संज्ञा योजिली. पेशीबाहेरील फायब्रोनेक्टिन आणि आतील ॲक्टिनचे तंतू यांना पेशीपटलातून सांधणारा दुवा, असा तिचा आशय होता. देणारा कोण व घेणारा कोण, याविषयी ती मौन पाळते. १९८७ च्या समालोचनाच्या शीर्षकात मात्र हाइन्स यांनीच या प्रथिनांना पेशीपृष्ठावरील ‘ग्राहीं’चे कुल म्हटले. हे वर्गीकरण निराधार नव्हते. परंतु ‘ग्राही’ या शब्दाच्या धातूतच एक दिशा गृहीत आहे. संकेत बाहेरून यावा आणि पेशीने तो ग्रहण करावा, एवढेच त्यातून सूचित होते.

रक्तबिंबिकेचे उदाहरण या मर्यादेवर नेमके बोट ठेवते. वाहत्या रक्तात तिच्या सभोवती फायब्रिनोजेन विपुल असते. तरीही तिचे इंटेग्रिन ते धरीत नाही. रक्तवाहिनीला इजा झाली की ती वार्ता अन्य ग्राहींमार्फत आत जाते, टॅलिन हे प्रथिन इंटेग्रिनच्या आतील टोकाला जोडले जाते, आणि मगच बाहेरची पकड सिद्ध होते. हे इंटेग्रिन सदोष किंवा अत्यल्प असलेल्या ग्लान्झमान व्याधीत रक्तस्राव सहजी थांबत नाही. येथे चिकटण्याची आज्ञा आतून येते. चिकटल्यानंतरची वार्ता पुन्हा आत जाते.

२००२ च्या समालोचनाच्या शीर्षकात हाइन्स यांनी इंटेग्रिनला ‘द्विदिश’ संकेतयंत्र म्हटले. दिशेचा दोष त्याने दूर झाला. ‘संकेता’चा प्रश्न मात्र उरला. भाषेतील संदेश वाहकापासून वेगळा करता येतो. तोच मजकूर उच्चारता येतो, लिहिताही येतो. इंटेग्रिनच्या बाबतीत असा विच्छेद नेहमी शक्य नाही. पेशी परिसराला ओढते. त्या ताणाने टॅलिनच्या घड्या उलगडतात व व्हिन्क्युलिनला जागा मिळते. परिसराचा कठीणपणा पेशीला कळतो, तो अशा ओढीतूनच. येथे पकड हीच वार्ता होय.

म्हणून मराठी पाठ्यग्रंथांत इंटेग्रिनचा अर्थ केवळ ‘ग्राही’ असा देणे अपुरे ठरते. मूळ संज्ञा तशीच ठेवून, तिच्या व्याख्येत सांधणे व दोन्ही दिशांचा व्यवहार यांचा एकत्र निर्देश करणे अधिक युक्त होय. अन्यथा विद्यार्थी पेशीला केवळ श्रोता समजेल आणि तिचे कर्तृत्व त्याच्या दृष्टीआड राहील.