हळहळ आणि साथ

आत्मचरित्र वाचणाऱ्याची एक मोठी सोय असते. लेखकानें सांगावें आणि आपण ऐकावें. उलट प्रश्न विचारणारें समोर कोणी नसतें. दुःखें त्याचीं, अश्रू आपले, आणि पुस्तक मिटलें कीं दोघेही मोकळे. दलित आत्मकथनें वाचतांना ही सोय आम्हां पांढरपेशा वाचकांना फारच मानवली, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. तसें वाटण्यास कारण झालें एक पुस्तक, आणि त्या पुस्तकावरून घडलेलें एक संभाषण.

पुस्तक आमच्या बीड जिल्ह्यांतलेंच आहे. दुकडेगांवीं १९५६ सालीं जन्मलेल्या एकनाथ आवाड यांचें ‘जग बदल घालुनी घाव’ हें तें आत्मकथन. जन्म मातंग समाजांत. वडील पोतराज, म्हणजे मरीआईच्या नांवानें केस वाढवून, अंगावर कोरडा ओढून दारोदार मागणारे. अशा घरांतला हा मुलगा शिकला, वेठबिगारांच्या मुक्तीच्या कामांत पडला, आणि पुढें मराठवाड्यांत ‘मानवी हक्क अभियान’ उभारून भूमिहीनांना गायरानाच्या जमिनी मिळवून देण्यासाठीं झटला. २०१५ सालीं ते वारले. जेरी पिंटो यांनीं केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २०१८ सालीं निघाला. म्हणजे दूरच्या वाचकांनींही त्याची दखल घेतली. ज्या जिल्ह्यांत तो घडला, तेथील सुशिक्षित घरांत तो कितपत पोंचला आहे, हा प्रश्न मी आधीं स्वतःलाच विचारतों.

वाङ्मय म्हणून पाहतां, या पुस्तकाचा गुण त्याच्या बोलण्यांत आहे. चार माणसांत बसून, कोणाची भीड न बाळगतां सांगावें तशी ही भाषा आहे. करुणेची याचना तिच्यांत नाहीं. उत्तरार्धांत मोहिमांमागून मोहिमा येतात आणि माणसांचे चेहरे थोडे पुसट होतात, हा दोष मान्य करावा लागेल. परंतु कार्यकर्त्याच्या आयुष्यांतच असें होतें, तेव्हां त्याबद्दल फार तक्रार करण्यांत अर्थ नाहीं.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती वाचकाची परीक्षा. पोतराजांच्या जटा उतरविण्याच्या कामाला आवाडांनीं स्वतःच्या वडिलांपासून सुरुवात केली. तो भाग वाचतांना आम्ही प्रसन्नपणें मान डोलावतों. अंधश्रद्धा गेली, मुलगा शहाणा झाला! त्यांत आमचें कांहींच जात नाहीं. पण तोच मुलगा जेव्हां गांवाच्या गायरानावर नांगर घालणाऱ्यांच्या पाठीशीं उभा राहतो, तेव्हां आमची मान थांबते. १४ एप्रिल १९९० पर्यंतचीं भूमिहीन दलितांचीं गायरानावरील अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय सरकारनें १९९१ सालीं घेतला होता, हें ठाऊक असूनही, ‘मग गांवाचीं गुरें कुठें चरायचीं?’ हा प्रश्न आम्हांला आधीं सुचतो. दलितानें स्वतःला सुधारावें हें आम्हांला आवडतें. त्यानें आमच्याकडे हिस्सा मागावा, हें आवडत नाहीं.

हें मला आपल्याआप उमगलें, असें मात्र नाहीं. पुस्तक मला दिलें एका जुन्या शाळासोबत्यानें. तो मातंग समाजांतला. माझ्यासारखाच मास्तरकी करून निवृत्त झालेला. पुस्तक परत करतांना मी म्हणालों, “गायरानाचा भाग जरा एकांगी वाटला. गांवाची बाजूही यायला हवी होती.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गांवाची बाजू तुम्ही आतां सांगितलीच कीं.”

मी हसलों. तो हसला नाहीं. तेव्हां, आमच्या घरीं भेदभाव कसा नव्हता, हें मी सांगूं लागलों. माझे वडील त्या काळींही कोणाला चहा दिल्यावांचून जाऊं देत नसत.

“चहा मला आठवतो,” तो म्हणाला. “कपही आठवतो. कान तुटलेला होता. तुमच्या ओसरीच्या कोनाड्यांत असायचा. चहा पिऊन झाला कीं माझे वडील तो विसळून परत तिथेंच ठेवायचे.”

त्या कोनाड्यांत मी लहानपणापासून फक्त कंदील पाहिला होता.

“वडिलांच्या मनांत तसें कांहीं नसेल,” मी कसेंबसें म्हणालों.

“नव्हतेंच. चांगले होते तुमचे वडील. म्हणून तर सांगतों. वाईट माणसाच्या घरचा कप कोण ध्यानांत ठेवतो?”

पन्नास वर्षांच्या ओळखींत तो मला ‘तुम्ही’ म्हणतो आणि मी त्याला ‘तूं’, हें त्या दिवशीं प्रथमच माझ्या कानांना ऐकूं आलें. मी विचारलें, “मग मी काय करावें?” त्याचें उत्तर असें: “मला काय विचारतां? तुमच्या ओसरीवर गायरानाची गोष्ट निघेल, तेव्हां तिथें बोला. माझ्यापुढें बोलून काय होणार?”

या एका वाक्यानें माझी वाचकपणाची कल्पना बदलली. १९७८ सालची आठवण येथें अप्रस्तुत ठरणार नाहीं. दया पवारांचें ‘बलुतं’ त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि मराठी मध्यमवर्ग हेलावून गेला. त्याच वर्षीं २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळांत झाला, आणि पाठोपाठ मराठवाड्यांतील गांवोगांवच्या दलित वस्त्या पेटल्या. विद्यापीठाच्या नांवांत बाबासाहेबांचें नांव येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. या सोळा वर्षांत दलित आत्मकथनांना वाचकांची वाण नव्हती. हळहळणाऱ्यांची तर नव्हतीच. उणीव होती ती स्वतःच्या ओसरीवर बोलणाऱ्यांची.

अशीं माणसें महाराष्ट्रानें पाहिलींच नाहींत, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १९२७ सालीं महाडास मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्मानें ब्राह्मण होते. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर हरिजनांस खुलें व्हावें म्हणून १९४७ च्या मे महिन्यांत साने गुरुजींनीं उपोषण केलें, तें दलितांना उपदेश करण्यासाठीं नव्हे; दार अडवून बसलेल्या आपल्याच लोकांपुढें केलें. दोघांनींही पीडितांच्या वतीनें बोलण्याचा मान स्वतःकडे घेतला नाहीं. त्यांनीं आपल्या माणसांचा रोष पत्करला. हळहळ आणि साथ यांतला भेद मला तरी एवढाच दिसतो: हळहळीला किंमत पडत नाहीं, साथीला पडते.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या ओसरीवर गायरानाचा विषय खरोखरच निघाला. मी बोललों. फार चांगलें बोललों असें नाहीं; मध्यें अडखळलों, आंकडे विसरलों. एक चुलतभाऊ जेवण न करतांच उठून गेला, आणि अजून त्यानें घरीं पाऊल टाकलेलें नाहीं. सोबत्याला हें सांगितलें तेव्हां त्यानें शाबासकी दिली नाहीं. ‘बरं झालं’ एवढेंच म्हणाला, आणि चहा मागविला. मीही आतां त्याला ‘तुम्ही’ म्हणण्याचा यत्न करतों. त्याला तें हास्यास्पद वाटतें; त्यानें मला ‘तूं’ म्हणावें, हें अद्याप जमलेलें नाहीं.

वाचकांना माझी एकच सूचना आहे. आवाडांचें हें पुस्तक एकांतांत वाचूं नये. घरांतलीं लहानमोठीं माणसें जमवून मोठ्यानें वाचावें, गायरानाच्या भागाशीं आल्यावर थांबावें, आणि कोण काय म्हणतो तें ऐकावें. पुस्तकावरचा खरा अभिप्राय तेथें मिळेल.