चार दिवसांचे शहर

मराठी प्रवासवर्णनांवर लिहिताना आपण शैली, विनोद, निसर्गचित्रण आणि लेखकाचे व्यक्तिमत्त्व यांविषयी बोलतो. लेखक त्या गावात किती दिवस होता, हे मात्र सहसा विचारत नाही. शहराबद्दल कोणत्या आवाजात बोलायचे, हे पुष्कळदा त्या मुक्कामावरच ठरते. म्हणून मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

युरोपविषयीची आपली ठळक पुस्तके या नजरेने पाहावीत. ‘इंग्लंडचा प्रवास’ (१८८३) लिहिणाऱ्या पंडिता रमाबाई तिकडे शिकायला गेल्या होत्या आणि १८८६ पर्यंत राहिल्या. ‘अपूर्वाई’ला (१९६०) निमित्त होते ते पु. ल. देशपांडे यांच्या बीबीसीतल्या दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचे. मीना प्रभूंनी ‘माझं लंडन’ लिहिले तेव्हा त्या शहरात त्यांचा संसार आणि डॉक्टरकी होती. शीर्षकातला ‘माझं’ हा शब्द त्यांनी राहून कमावला होता. तिथली माणसे, त्यांच्या लकबी आणि लेखकाची स्वतःची फजिती यांवर उभा असलेला हा सलगीचा सूर मुक्कामातून आला होता.

पुढे प्रवास सोपा झाला आणि मुक्काम आखूड झाला, पण सूर तोच राहिला. दिवाळी अंकांतले परदेशप्रवासाचे लेख वाचताना हे सारखे जाणवते. तीन रात्री राहिलेला लेखक शहराच्या ‘आत्म्या’विषयी लिहितो, हॉटेलातल्या एका वेटरवरून सगळ्या देशाचा स्वभाव ठरवतो आणि निघताना त्याचा पाय जड होतो. यात खोटे काही नसेलही, पण आवाज उसना असतो. अनुभव सहलीचा आणि भाषा रहिवाशाची, अशी ही गाठ आहे.

येत्या मे महिन्यात मी चार दिवस बुडापेस्टला जाणार आहे. त्या निमित्ताने सहलींच्या बऱ्याच कार्यक्रमपत्रिका वाचल्या आणि वाटले, या लेखांचा पहिला खर्डा इथेच तयार होतो. पहिला दिवस बुडाचा किल्ला, मथायस चर्च आणि फिशरमन्स बॅस्टियन. दुसरा दिवस हिरोज स्क्वेअर आणि संसदेची इमारत. संध्याकाळी डॅन्यूबमधून तासभर बोटीची फेरी. ज्या नदीमुळे हे शहर वसले, तिच्या वाट्याला एक तास येतो, तोही तिच्यातून काठावरची रोषणाई पाहण्यासाठी. लेखही पुढे याच क्रमाने लिहिला जातो, नदी शेवटच्या परिच्छेदात आणि दिवे लागल्यावर.

मी जबलपूरला मदन महल भागात राहते, त्यामुळे अशा पत्रिकेत आपलेच गाव सापडले की काय वाटते तेही ठाऊक आहे. सकाळी टेकडीवरचा गोंड राजांचा किल्ला: नावाने मदनशाहाचा, लोकांच्या तोंडी राणी दुर्गावतीचा. जवळच बॅलन्सिंग रॉक, १९९७ च्या भूकंपातही न ढळलेला. दुपारी भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नाव, मग धुआँधार. प्रत्येक गोष्ट खरी आहे, पण या ओळीत बसवली की नर्मदा नदी उरत नाही, ‘स्पॉट’ होते.

आणि गंमत अशी की याच नर्मदेवर मराठीत अगदी वेगळ्या रीतीचे लेखन झाले आहे. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आणि जगन्नाथ कुंटे यांचे ‘नर्मदे हर हर’ ही त्यातली सर्वांत वाचली गेलेली पुस्तके. परिक्रमेचा बेत दोन वाक्यांत मावतो: नदी उजव्या हाताला ठेवायची, आणि समुद्रापर्यंत पोहोचल्याशिवाय ती ओलांडायची नाही. काय पाहायचे याची यादी नसते. जे काठावर येईल ते, आणि येईल त्या क्रमाने.

अर्थात परिक्रमेचा विषय म्हणजे चांगल्या लेखनाची हमी नव्हे. ऐन वेळी मिळणारे अन्न, वाट दाखवून नाहीसा होणारा अनोळखी माणूस हे प्रसंग आता इतक्या अनुभवकथनांत येतात की तीही एक कार्यक्रमपत्रिकाच झाली आहे. शिवाय तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांच्या परंपरेपुढे चार दिवसांची काय कथा?

इथे मला आमच्या गावचे अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) आठवतात. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले हे चित्रकार १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याकडे पायी निघाले. पुढची परिक्रमा त्यांनी सवडीप्रमाणे, तुकड्यातुकड्याने, वर्षानुवर्षे केली. हिंदी आणि गुजराती, दोन्ही भाषांत ती लिहिली. त्यांच्या लेखनाचे बळ मला या खंडितपणाच्या कबुलीत दिसते. हा एवढा तुकडा, इतक्या दिवसांत, या सोबत्यांबरोबर. तुकडा लहान असणे हा दोष नाही. तो पूर्ण असल्याचा आव आणणे हा दोष आहे.

म्हणून बुडापेस्टचा बेत मी खंड-परिक्रमेसारखा आखला आहे. डॅन्यूब माझ्यासाठी नर्मदा नाही. श्रद्धा उसनी घेता येत नाही, नियम घेता येतो. मार्गारेट पुलापाशी पेस्टच्या काठाने दक्षिणेकडे निघायचे, की नदी उजव्या हाताला येते. लिबर्टी पुलावरून पलीकडे जायचे आणि बुडाच्या काठाने उत्तरेकडे परतायचे. नदी पुन्हा उजवीकडेच. चार दिवस एवढेच, सावकाश.

या क्रमाने फरक पडतो. संसदेची इमारत मागे टाकून थोडे पुढे गेले की धक्क्याच्या कडेला लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत, २००५ साली बसवलेले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉसच्या हस्तकांनी ज्यूंना पाण्याच्या काठावर उभे करून, पायातले काढायला लावून गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत जाऊ दिली. पत्रिकेत हा दहा मिनिटांचा फोटो-थांबा आहे. पायी जाणाऱ्याला मात्र त्यानंतरही तीच नदी, त्याच हाताला, तासभर सोबत करते. पुढचा साखळी पूल १८४९ चा. बुडा आणि पेस्ट ही गावे १८७३ मध्ये एक झाली, त्याआधीच या पुलाने त्यांना जोडले होते. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला आणि १९४९ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. बुटांनंतर काही मिनिटांतच हा पूल दिसला, तर संध्याकाळची रोषणाई वेगळी वाचली जाईल आणि कदाचित वेगळी लिहिलीही जाईल.

क्लाउदिओ माग्रिस यांनी १९८६ मध्ये ‘दानुबिओ’त ही नदी उगमापासून मुखापर्यंत लिहिली. ते विद्वत्तेचे आणि सवडीचे काम आहे, चार दिवसांच्या पाहुण्याने त्याची नक्कल करू नये. आपल्यापुरती नम्र रीत आपल्याच भाषेत, वेगडांच्या शेजारी आहे. संपादकांनाही एक सुचवावेसे वाटते. प्रवासलेखाच्या शीर्षकाखाली लेखकाच्या नावाबरोबर मुक्कामाच्या तारखा छापाव्यात. निम्मी विशेषणे लेखक मग स्वतःच काढून टाकील.