दार्ष्टांतिक नसलेली गोष्ट

गोष्टीच्या पोटांतला अर्थ शोधण्याची विद्या आम्हां वऱ्हाडकरांस परकी नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर हें महानुभावांचें थोर स्थान. श्रीचक्रधरांच्या छोट्या गोष्टी केशिराजबासांनीं तेराव्या शतकांत ‘दृष्टांतपाठां’त गोंविल्या : आधीं सूत्र, मग दृष्टांत, शेवटीं स्वतः केशिराजांचें दार्ष्टांतिक. जन्मांध हत्ती चाचपतात, कोणास तो खांबासारखा वाटतो, कोणास सुपासारखा. आणि वाचक विचारांत पडतो तोंच अर्थ त्याच्या हातीं ठेवलेला असतो.

यहुदी परंपरेंतही हीच जोडी आहे. ‘माशाल’ म्हणजे दृष्टांत, ‘निमशाल’ म्हणजे दार्ष्टांतिक. आधुनिक हिब्रू कथाकार श्मुएल योसेफ आग्नोन (1966 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी) यांनीं मात्र कित्येक कथांतून हा दुसरा भाग गाळूनच टाकला. त्यांची ‘पात श्लेमा’, म्हणजे ‘अख्खी भाकर’, ही 1933 ची कथा घ्या. बायकामुलें परदेशीं असलेला एक भुकेला गृहस्थ; डॉ. येकुतीएल नेएमान त्याजकडे कांहीं पत्रें टपालांत टाकण्यास देतात. आधीं पत्रें कीं आधीं जेवण, या घोळांत दोन्ही राहतात. खाणावळींत तो अख्खी भाकर मागतो. वाढपी येतात, जातात, आणि रात्रीं हा आंतच कोंडला जातो.

टीकाकारांनीं नांवावरून ताडलें : येकुतीएल हें मोशेचें एक परंपरागत नांव, नेएमान म्हणजे विश्वासू, तेव्हां डॉक्टर हे मोशे व पत्रें ह्या धर्माज्ञा. हा अर्थ खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण महानुभावांच्या सकळ लिपींत एका अक्षराऐवजीं दुसरें अक्षर येतें; किल्ली सांपडली कीं कोडें संपलें. कथेचें तसें नाहीं. पत्रें म्हणजे धर्माज्ञा असतील, तर ही भूक कशाची? आणि एवढ्या भुकेल्या माणसानें तुकड्यावर न भागवितां अख्ख्या भाकरीचाच हट्ट कां धरावा? किल्ली येथें मुकी होते.

अकोल्यास आमच्या घरीं ही कथा सांगून आम्ही मोठ्या ऐटीनें मोशेचें रहस्य उलगडीत होतों. मातोश्रींनीं मध्येंच विचारलें, “अरे, पण तो जेवला का?”

नाहीं जेवला. सकाळीं सुटका झाली तों रविवार. त्या पत्रांस टपालकचेरी बंद. तीं तशींच खिशांत ठेवून तो पुन्हां अन्न शोधावयास निघतो.