आज्ञावलीचे भाषांतर आणि मुक्त परवाना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
एका संगणक भाषेतील मुक्त स्रोत आज्ञावली दुसऱ्या संगणक भाषेत उतरवली, तर तिचा परवाना कोणी ठरवायचा? प्रत्येक ओळ नव्याने लिहिल्यामुळे ती स्वतःचीच कृती ठरते, असा समज आढळतो. प्रस्तुत लेखात परवान्यांच्या शब्दयोजनेच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे.

विवेचन :
आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) मराठीत अवतरले, तरी त्याचे मूळ ‘हॅम्लेट’च राहते. भाषांतरकाराचे श्रम स्वतंत्र असले, तरी मूळ लेखकाचे ऋण त्यामुळे फिटत नाही. भारतीय कायद्याने हेच नाते आज्ञावलीलाही लावले आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार आज्ञावली साहित्यकृतीत मोडते आणि कलम १४ अन्वये तिच्या भाषांतराचा व रूपांतराचा अधिकार हक्कधारकाकडे असतो. मुक्त परवाना ही त्याची परवानगीच होय. मात्र ती अटींसह मिळते.

या अटी सर्वत्र सारख्या स्पष्ट नाहीत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीने (१९९१) ‘बदल’ या संज्ञेतच दुसऱ्या भाषेतील भाषांतराचा समावेश केला, हे त्या मसुद्याचे बलस्थान होय. सी भाषेतून पायथॉनमध्ये आणलेली अशी कृती वितरित करताना जीपीएलखालीच द्यावी लागते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा अक्षरसंच ज्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली उपलब्ध आहे, त्यातही स्वरूप बदलणे व नव्या प्रणालीत नेणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याउलट एमआयटी परवाना प्रतींसोबत, तसेच कृतीच्या लक्षणीय अंशासोबत, मूळ सूचना ठेवण्यास सांगतो. परंतु सर्व ओळी बदलल्यावर ‘अंश’ कशास म्हणावे, याविषयी मौन पाळतो. त्याचा आटोपशीरपणा येथे उणीव ठरतो.

तथापि, कल्पनेवर प्रताधिकार नसतो. आर. जी. आनंद खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने कल्पना व अभिव्यक्ती यांतील भेद स्पष्ट केला. रीत समजून घेऊन स्वतंत्रपणे रचलेली आज्ञावली भाषांतर ठरत नाही; मुळाची रचना समोर ठेवून ओळीमागून ओळ उतरवलेली मात्र ठरते.

निष्कर्ष :
कळंबसारख्या तालुक्याच्या गावी विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी अशी आज्ञावली उतरवली, तर मूळ कर्त्याचे नाव, परवाना व बदलाचे वर्ष धारिकेच्या आरंभी नोंदवण्यास एक मिनिटही लागत नाही. वाङ्मयीन अनुवादात मूळ लेखकाचे नाव वगळणे ज्या अध्यापकाला खटकते, त्याने प्रकल्प तपासतानाही तीच कसोटी लावणे अगत्याचे आहे.